गंजेडी मित्र आणि ब्रेकअप: 'क्लर्क्स'च्या धाटणीची छोटी फिल्म लिहितोय, ब्रेकअपचा सीन काही केल्या जमत नाहीये

झेरॉक्सवाला_पुणे

नमस्कार मंडळी, आम्ही चौघं मित्र मिळून एक फिल्म करतोय, पाऊण तासाची वगैरे होईल. गोष्ट एका दिवसाची आहे. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात बसणारा एक पोरगा, शेजारच्या मोबाईल रिपेअरिंगवाल्या दुकानातला त्याचा जिगरी, बाहेर पायरीवर दिवसभर माल ओढत बसलेले दोघं जण, आणि सबमिशनचा सीझन असल्यामुळे गिऱ्हाईकांची ही गर्दी. आणि त्यातच झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअपच्या स्टेटसवरून कळतं की त्याच्या एक्सचा साखरपुडा झाला.

ज्यांनी अमेरिकन दिग्दर्शक केव्हिन स्मिथचा 'क्लर्क्स' (१९९४) पाहिलाय त्यांना कळलंच असेल हे कुठून आलंय. तो आम्ही हॉस्टेलला असताना पाहिला आणि तेव्हापासून डोक्यातून गेलाच नाही. काळापांढरा, एकच दुकान, दोन मित्र नुसते बोलतायत, कोणी कुठे जात नाही, आणि तरी शेवटी पोटात काहीतरी हलतं. आम्हाला ते हवंय. कॉपी नकोय, ते पोटात हलणं हवंय.

अडचण अशी आहे की टाईमपासचे सीन आम्हाला मस्त जमतायत, गिऱ्हाईकांचे नमुने, पायरीवरच्या दोघांच्या गप्पा, वाचताना आम्हीच हसतो. पण साखरपुड्याचं कळल्यानंतरचा सीन लिहायला घेतला की हिरो एकदम मालिकेतला होतो, डोळ्यात पाणी, भिंतीला टेकून बसणं, मागे पाऊस, आणि आधीचं सगळं जे छान चाललेलं असतं ते मरतं. तो सीन काढला तर मग नुसते जोक उरतात. तुमच्यापैकी ज्यांनी असले सिनेमे मन लावून पाहिलेत किंवा स्वतः काही लिहिलंय त्यांनी सांगा, ब्रेकअपचं दुखणं अशा सिनेमात नेमकं ठेवायचं कुठे? आणि गांजा दाखवायचा म्हणजे पुढे सेन्सॉरचं काय होतं तेही कुणाला माहीत असेल तर प्लीज.

एडिसनची_ताई

अरे वा, 'क्लर्क्स'वर मराठीत धागा! मी न्यू जर्सीत राहते, ज्या दुकानात तो सिनेमा झाला ते क्विक स्टॉप लिओनार्डो नावाच्या छोट्या गावात आहे, आमच्याकडून गाडीने पाऊण-एक तास. ते दुकान अजून चालू आहे, आत गेलं की दूध, सिगारेट, चिप्स, कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानासारखंच. बाहेर लोक फोटो काढत असतात आणि आत गावातली माणसं आपली सकाळची कॉफी घेत असतात.

तुझ्या प्रश्नाआधी तो बनला कसा ते सांगते, कारण उत्तर त्यातच आहे असं मला वाटतं. केव्हिन स्मिथ त्याच दुकानात नोकरी करायचा. दिवसा दुकान चालवायचं आणि रात्री बंद झाल्यावर तिथेच शूटिंग करायचं. कॉमिक्सचा संग्रह विकला, क्रेडिट कार्डं गळ्यापर्यंत वापरली, पुरात गेलेल्या गाडीचे विम्याचे पैसे घातले, असं करून २७,५७५ डॉलरमध्ये सोळा एमेमवर सिनेमा उभा केला. आता रात्री शूटिंग आणि गोष्ट दिवसाची, खिडकीतून अंधार दिसणार, मग काय करायचं? तर त्याने लिहूनच टाकलं की कोणीतरी शटरच्या कुलपात च्युइंगम कोंबलंय आणि शटर उघडतच नाहीये. आणि मग दांते, म्हणजे दुकानात बसणारा हिरो, एका चादरीवर बुटाच्या पॉलिशने लिहितो की दुकान उघडं आहे, खात्री बाळगा, आणि ती चादर शटरवर टांगतो.

ती चादर नीट बघ. सुट्टीच्या दिवशी मालकाने बोलावलं म्हणून हा आलाय, झोप झालेली नाही, हाताला काळं पॉलिश, आणि सबंध दिवस तो अशा दुकानात घालवतो जे बाहेरून बंद दिसतं. अडकलेला माणूस दाखवायला त्याला एक वाक्यही बोलावं लागत नाही. ही गोष्ट पैसे नव्हते म्हणून आली! काळापांढराचंही तेच, दुकानातल्या ट्यूबलाईटच्या उजेडात रंगीत फिल्म म्हणजे रंग सांभाळायचं मोठं लचांड असतं. तुमच्याकडे जे नाहीये त्याची आधी यादी करा, तुमच्या झेरॉक्सवाल्याचं दुःख त्यातून निघेल. झेरॉक्स मशीन आहे ना? ते सबमिशनच्या दिवशी बंद पडत नाही असं कधी झालंय का?

आणि साखरपुड्याचं म्हणशील तर दांतेलासुद्धा एक्सच्या साखरपुड्याची बातमी पेपरातूनच कळते, केटलिनची. तेव्हा तो रडत नाही रे. तो फोन करतो, पेपरवाल्यांची चूक असेल म्हणतो, मधे गिऱ्हाईक येतं, त्याला सामान देतो, पुन्हा त्याच विषयावर येतो. सतत कोणीतरी मधे येत राहतं. माझ्या मते दुखणं तिथेच आहे, त्याला दुःखी व्हायला सलग पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत.

खिडकीतली_सीट

ताईंचं सगळं पटलं पण मला एक वेगळं म्हणायचंय, आणि मुलींच्या बाजूने म्हणायचंय, कारण या सिनेमाबद्दल मुलं बोलतात तेव्हा व्हेरॉनिकाचं नाव निघतच नाही.

ती दांतेची आत्ताची गर्लफ्रेंड. ती दुकानात येते, त्याच्याशेजारी काउंटरमागे जमिनीवर बसते, त्याची नखं रंगवते, परत कॉलेजला जा म्हणून मागे लागते, आणि नंतर घरून लझान्या करून घेऊन येते. म्हणजे सरळ भाषेत डबा आणते. आणि हा पठ्ठ्या तिच्या पूर्वीच्या भानगडी मोजत बसतो आणि मन सगळं त्या केटलिनमध्ये, जिने ह्याला आधी फसवलेलं आहे. मला तो सिनेमा आवडतो तो याच कारणासाठी की तो ह्या पोराला माफ करत नाही. शेवटी व्हेरॉनिका त्याला चांगलं झापते आणि निघून जाते, आणि केटलिनही जाते. दोन्ही हातातून गेलं, आणि दोन्ही वेळेला ह्याने स्वतः धडपणे काहीच ठरवलेलं नव्हतं.

तर झेरॉक्सवाल्या, तुझ्या हिरोच्या एक्सचा साखरपुडा झाला हे दुःख आहे पण गोष्ट नाहीये. गोष्ट अशी पाहिजे की तो एक्सच्या स्टेटसवर झूम करून अंगठी बघत बसलाय आणि समोर कोण उभं आहे ज्याच्याकडे त्याचं लक्ष नाही. तुझ्या स्क्रिप्टमध्ये आत्ता मुलगी आहे का कुणी? का फक्त स्टेटसवरचा फोटो? फोटो असेल तर हिरो मालिकेतला होणारच, कारण त्याच्याशी भांडायला कोणी नाहीये.

अजून दोन सिनेमे बघ. एक 'स्विंगर्स' (१९९६), जॉन फाव्हरोने लिहिलेला, दिग्दर्शक डग लायमन, तोही दोन-अडीच लाख डॉलरमधला. गांजाचा नाही, दारू आणि क्लबांचा आहे, पण ब्रेकअप झालेल्या मित्राला बाकीचे मित्र शहरभर फिरवतात हे अगदी तुझंच. त्यात एक सीन आहे, हिरो रात्री एका मुलीच्या आन्सरिंग मशीनवर मेसेज ठेवतो, मग तो सुधारायला पुन्हा फोन, मग पुन्हा, आणि नुसत्या मशीनशी बोलता बोलता ओळख, प्रेम, भांडण, ब्रेकअप सगळं एकट्यानेच उरकतो. बघताना हसूही येतं आणि उशी तोंडावर घ्यावीशी वाटते. एक माणूस, एक फोन, एक खोली, खर्च शून्य.

दुसरा केव्हिन स्मिथचाच 'चेसिंग एमी' (१९९७). तो अडीच लाख डॉलरमध्ये केलेला, आणि हिरॉईन जोई लॉरेन अॅडम्स, जिच्याशी स्मिथचं स्वतःचं तेव्हा जमलेलं होतं आणि त्या नात्यातली स्वतःची असुरक्षितता त्याने तिथे ओतली. काही गोष्टी आज बघताना खटकतात, एका लेस्बियन मुलीकडे बघायची त्या हिरोची नजर खासकरून. पण शेवटचा भाग जरूर बघ, अख्खं नातं ज्या मूर्खपणामुळे मोडतं तो मूर्खपणा हिरो अतिशय शहाणपणाच्या सुरात समजावून सांगतो. ब्रेकअप असंच होतं. समोरचा माणूस काय चूक करतोय ते आपल्याला दिसत असतं आणि तो मात्र अगदी खुशीत बोलत असतो.

मांडवी_काठी

मी गोव्यातून लिहितोय. पायरीवरच्या दोघांबद्दल बोलतो, कारण त्यांच्याबद्दल अजून कोणी काही म्हटलं नाही आणि मला वाटतं तुझी फिल्म तरली तर त्यांच्यावर तरेल.

आपल्याकडे पडद्यावर गांजा ओढणारा माणूस आला की दिग्दर्शकाचा तोल जातो. कॅमेरा गोल फिरतो, रंग बदलतात, आवाज घुमतो, डोळे अर्धे मिटून तो काहीतरी बरळतो आणि मित्र खिदळतात. खऱ्या कट्ट्यावर असं काही नसतं. खऱ्या कट्ट्यावर दोन माणसं तासन् तास एकाच जागी बसलेली असतात, आणि तिसऱ्याने येऊन काही विचारलं की उत्तर यायला जरा वेळ लागतो. तेवढंच. 'क्लर्क्स'मधला जे नावाचा पोरगा आणि त्याचा जोडीदार सायलेंट बॉब बघ. भिंतीला टेकून उभे, माल विकतायत, एक अखंड बोलतोय आणि दुसरा तोंड उघडत नाही. सायलेंट बॉब म्हणजे खुद्द केव्हिन स्मिथ. दिवसभर लोक त्यांच्यासमोरून जातात येतात, त्यांना कोणी मोजत नाही. आणि मग ज्या एका क्षणी तो गप्प माणूस बोलतो तेव्हा त्या डब्याबद्दल बोलतो, की छान छान पोरी जगात पुष्कळ आहेत पण कामावर जेवण घेऊन येणारी प्रत्येक जण नसते. दांतेला तिथे कळतं की आपलं प्रेम कोणावर आहे. कोणाकडून कळतं? ज्याला सकाळपासून कोणी विचारलं नाही त्याच्याकडून. आणि तोवर उशीर झालेला असतो, कारण आत रँडलने, म्हणजे दांतेच्या शेजारच्या व्हिडिओच्या दुकानातल्या मित्राने, व्हेरॉनिकाला भलतंच सांगून ठेवलंय.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर राज आणि डीके यांचा 'गो गोवा गॉन' (२०१३). त्यात झॉम्बी आहेत, सैफ नकली रशियन आहे, ते सगळं बाजूला ठेव आणि पहिली वीस-पंचवीस मिनिटं बघ. कुणाल खेमूची नोकरी जाते, वीर दासचा प्रेमभंग होतो, आनंद तिवारी बिचारा ऑफिसच्या कामासाठी गोव्याला निघालेला असतो आणि हे दोघं त्याच्या गळ्यात पडतात. ते सोफ्यावर पडून बोलतात तो सूर मला आजही हिंदीत दुसरीकडे सहसा सापडत नाही. डायलॉग कुणाल खेमूनेच लिहिले होते, आणि पुढे त्याने स्वतः दिग्दर्शक म्हणून 'मडगाव एक्सप्रेस' (२०२४) केला, परत मित्र आणि परत गोवा. माझी एक तक्रार मात्र मनापासून आहे, हृदय तुटलेला हिंदी हिरो गोव्यातच का येतो आणि आल्यावर त्याला इथे फक्त रेव्ह पार्टीच का दिसते. आमच्याकडे लोक राहतात, सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघतात. म्हणून मला तुझं झेरॉक्सचं दुकान आवडलं, तू कुठे पळून जात नाहीयेस.

सल्ला एकच देतो. पायरीवरच्या दोघांतल्या एकाला आपल्या हिरोच्या एक्सबद्दल काहीतरी माहीत असू दे जे हिरोला माहीत नाही. दिवसभर बसून असतात ना ते तिथे, कोण कोणाच्या गाडीवर बसून गेलं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

रील_नंबर_दोन

मी मुंबईत पोस्ट प्रॉडक्शनमध्ये आहे, त्यामुळे सेन्सॉरचं मी सांगतो, भावनांचं वरच्यांनी सांगितलंच आहे.

थिएटरला लावायची असेल तर सर्टिफिकेट लागणारच. सेन्सॉरच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये साफ लिहिलंय की अमली पदार्थांच्या व्यसनाला उत्तेजन देणारी, समर्थन करणारी किंवा ते झगमगीत करून दाखवणारी दृश्यं नकोत. म्हणजे गांजा दाखवूच नका असं नाही, कसा दाखवता यावर आहे, आणि ते ठरवणार समोर बसलेली कमिटी. 'उडता पंजाब'चं २०१६ मध्ये प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं तेव्हा कोर्टाने शेवटी एकाच कटवर सिनेमा सोडला होता, ए म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या सर्टिफिकेटसकट. तुम्ही कॉलेजची पोरं, कोर्टात जायला तुमच्याकडे ना वेळ ना पैसा, तेव्हा ए मिळणार असं धरूनच चाला. फेस्टिव्हलला पाठवणार असाल तर गोष्ट वेगळी, फेस्टिव्हलच्या शोसाठी मंत्रालयाकडून सर्टिफिकेटमधून सूट मिळते आणि ती आयोजक घेतात.

सिगारेटचे नियम वेगळे. तंबाखू दिसला की थिएटरात सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर जाहिरात, आणि जेवढा वेळ पडद्यावर सिगारेट तेवढा वेळ खाली इशाऱ्याची पट्टी. २०१३ मध्ये वूडी अॅलन या अमेरिकन दिग्दर्शकाने 'ब्लू जॅस्मिन' भारतात लावलाच नाही तो ह्याच पट्टीवरून. सप्टेंबर २०२३ पासून हे ओटीटीलाही लागू झालं. आता विचार करा, तुमचे दोघं दिवसभर पायरीवर ओढतायत, म्हणजे अर्ध्या फिल्मभर खाली पट्टी. तेव्हा प्रत्येक शॉटमध्ये हातात पेटलेली कशाला हवी? एक जण मळतोय, एक जण कागद शोधतोय, काडेपेटी ओली झालीय, असं करा. मांडवीकाठचे म्हणतात तसं खऱ्या कट्ट्यावरही ओढण्यापेक्षा तयारीतच जास्त वेळ जातो.

आणि सेटवर खरा माल आणायचा नाही. हे मी हात जोडून सांगतोय. एनडीपीएस हा अमली पदार्थांवरचा १९८५ चा कायदा आहे, थोडा जवळ सापडला तरी गुन्हा आहे आणि तुमच्यामुळे दुकानवाला गोत्यात येईल ज्याने बिचाऱ्याने विश्वासाने किल्ली दिली. निकोटीन नसलेल्या हर्बल सिगारेटी मिळतात, त्यावर भागवा.

अजून एक, गाण्यांचं. 'क्लर्क्स'चं हे सगळ्यांना माहीत नसतं की त्यातल्या गाण्यांच्या हक्कांना सिनेमाच्या मूळ खर्चापेक्षा जास्त पैसे लागले, आणि ते नंतर वितरकाने भरले. तुमच्यामागे तसा वितरक नाहीये. तेव्हा दुकानात रेडिओवर जुनं गाणं चालू आहे वगैरे स्क्रिप्टमध्ये असेल तर आत्ताच काढा, ते गाणं हक्क न घेता वापरलं की फिल्म यूट्यूबवर टाकल्या टाकल्या क्लेम येतो. झेरॉक्स मशीनचा आवाज आहे ना तुमच्याकडे, तो नीट रेकॉर्ड करा, त्याला लय असते.

झेरॉक्सवाला_पुणे

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री आम्ही चौघांनी बसून एकेक उत्तर मोठ्याने वाचलं.

@खिडकीतली_सीट ताई, मुलगी नव्हती. फोटोच होता. आता एक आणलीय, ती कोणाची गर्लफ्रेंड वगैरे नाही, एमेस्सीची आहे, रोज थीसिसची पानं थोडी थोडी आणून झेरॉक्स करते कारण एकदम द्यायला पैसे नसतात, आणि पोराचं तिच्याशी चांगलं बोलणं आहे. त्या दिवशी तिची शेवटची तारीख असते आणि हा स्टेटस बघण्याच्या नादात तिची पानं उलटसुलट लावतो. ती काय बोलेल ते अजून लिहिलं नाहीये, ते आमच्यातल्या कोणी न लिहिता एखाद्या मुलीकडून लिहून घ्यावं असं वाटतंय.

रडायचा सीन काढला. फक्त एक शंका आहे, 'क्लर्क्स'च्या शेवटी दांते आणि रँडलची जी मारामारी होते, जमिनीवर दुकानातलं सगळं सामान सांडलेलं, तसं काही आमच्याकडे हवं का? आमचा मोबाईलवाला खूप गोड झालाय, तो हिरोला नुसता समजून घेतो.

एडिसनची_ताई

हवंच! मोबाईलवाल्याला गोड ठेवू नकोस. रँडल हा अतिशय वाईट मित्र आहे रे, चार वर्षांच्या पोरीला सिगारेट विकतो आणि दंड दांतेच्या डोक्यावर येतो, एका मेलेल्या मैत्रिणीच्या अंत्यदर्शनाला जाऊन शवपेटी पाडतो (तो प्रसंग दाखवायला पैसेच नव्हते, दोघं गाडीत परत येताना त्यावर भांडतात एवढंच दिसतं, आणि ते जास्त धमाल आहे). पण शेवटी जमिनीवर बसून दांतेला खरं कोण सुनावतं? तोच. की तुला इथे कोणी बांधून ठेवलेलं नाही, तू आपण होऊन आलास आणि दिवसभर मात्र रडगाणं गातोयस. हे व्हेरॉनिका बोलून थकली होती. रँडलच्या तोंडून ते लागतं कारण तोही त्याच दुकानात अडकलेला आहे आणि त्याला ते माहीत आहे.

आणि हेही लक्षात ठेव की स्मिथने आधी वेगळा शेवट केला होता, एक चोर येतो आणि दांतेला गोळी घालून जातो, संपलं. नंतर तो काढला. ते दोघं भांडून, एकमेकांना फरशी पुसायला मदत करून, उद्याचं काहीबाही ठरवून घरी जातात तिथेच आता सिनेमा संपतो. पुढे तेच दोघं तिसऱ्या भागात २०२२ मध्ये परत त्याच दुकानात आले, तेव्हा रँडलला हार्ट अटॅक येतो, आणि ते कुठून आलं तर स्मिथला स्वतःला २०१८ मध्ये जबरदस्त अटॅक आला होता तिथून. म्हणजे बाई येते जाते, दुकान राहतं आणि हा नालायक मित्र राहतो. तुझ्या झेरॉक्सवाल्याचं मन ज्याने शेवटी मोडायचं तो हाच असू दे, ती साखरपुडावाली नाही. स्टेटस त्याला कोणी दाखवलं? मोबाईलवाल्यानेच दाखवलं असेल तर? आणि त्याला ते आठवडाभर आधीपासून माहीत होतं असेल तर?

मांडवी_काठी

ताई, हे भारी आहे. आणि पायरीवरच्या दोघांना माहीत आहे की मोबाईलवाल्याला माहीत आहे.

झेरॉक्सवाला_पुणे

थांबा थांबा, लिहून घेतोय. दुकानवाले काका रविवारी दुपारनंतर दुकान देतो म्हणालेत, फक्त मशीनला हात लावायचा नाही ही अट आहे, म्हणजे मशीन बंद पडलेलंच दाखवायला लागणार असं दिसतंय. पुढचा ड्राफ्ट झाला की इथेच टाकतो, ज्यांना वाचायला वेळ आहे त्यांनी प्लीज कळवा, आणि @रील_नंबर_दोन दादा, पट्टीवाली गोष्ट आमच्या कॅमेरावाल्याला समजावून सांगायची आहे, मेसेज केलाय.